बाटलीला लेस लावली की तिचा कचरा होतो

"उद्या येताना घरून दोन रिकाम्या बाटल्या, एक पुठ्ठ्याचं खोकं आणि जुनी वर्तमानपत्रं आणा." काही वर्षांपूर्वी 'टाकाऊतून टिकाऊ' उपक्रमासाठी पाचवीच्या वर्गात मी फळ्यावर हे लिहिलं, तेव्हा आपण फार चांगलं काम करतोय असंच मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून कमी मुलांनी सामान आणलं. त्यातली एक मुलगी दोन कोऱ्या करकरीत बाटल्या घेऊन आली होती. आदल्या संध्याकाळी तिच्या आईनं दुकानातून थंड पेय आणलं, घरातल्या सगळ्यांनी ते वाट्या-वाट्यांनी संपवलं आणि बाटल्या मुलीच्या पिशवीत घातल्या. आई रोजानं खुरपायला जाणारी. तिला मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "बाई, आमच्यात बाटली कोण टाकतंय? एकीत गोडंतेल हाय, एकीत पोराचा बा रानात पाणी नेतो."

त्या दिवसापासून 'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द मी जपून वापरते. टाकाऊ वस्तू असायला आधी टाकण्याजोगं काही घरात असावं लागतं. गरिबाच्या घरात खोक्याचा पुठ्ठा गळक्या पत्र्याखाली जातो, रद्दी किलोवर विकली जाते, फाटक्या लुगड्याची वाकळ होते. वस्तू पुन्हा वापरणं या घरांना शाळेनं शिकवायची गरज नाही. शाळेनंच ते तिथून शिकायला हवं. आणि आपण करतो काय, तर त्याच घरांना कचरा विकत घ्यायला लावतो.

वापरलेल्या वस्तूंमधून शिकवणं मला मनापासून पटतं, म्हणूनच त्याचं आपल्या शाळांमध्ये जे झालंय ते सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी तो वर्षातून एकदा करायचा, फोटो काढून व्हॉट्सॲप गटावर टाकायचा उपक्रम झाला आहे. बाटलीला ऑइलपेंट, त्यावर लेस, त्यावर चमकी, मध्ये कृत्रिम फूल. झाली फुलदाणी. ती मुख्याध्यापकांच्या टेबलावर महिनाभर राहते आणि मग कोपऱ्यातल्या ढिगात जाते. साधी पाण्याची बाटली भंगारवाला आनंदानं घेतो. तिच्या बुडाशी त्रिकोणात १ आकडा असतो, ते प्लास्टिक वितळवून त्याचा धागा होतो, पुन्हा वस्तू होतात. तिलाच रंग, डिंक आणि लेस चिकटवली की ती कोणी घेत नाही. जी वस्तू पुन्हा वापरात आली असती तिला आपण मुलांच्या हातून कायमचा कचरा करायला लावतो आणि त्या तासाला पर्यावरण शिक्षण म्हणतो.

प्लास्टिकचा प्रकार सांगणारा तो त्रिकोणातला आकडाच खरं तर केवढा मोठा धडा आहे. दुधाच्या पिशवीवर ४, फिनेलच्या जाड डब्यावर बहुधा २, थर्माकोलवर ६. मुलांना घरातल्या, दुकानातल्या वस्तूंवरचे आकडे शोधून लिहायला सांगा आणि गावात फेरी मारणाऱ्या भंगारवाल्याला अर्धा तास वर्गात बोलवा. कोणतं प्लास्टिक कितीला जातं, कोणतं जात नाही, पत्रा आणि बीड (ओतीव लोखंड) वेगळं कसं ओळखायचं, हे त्याला बोटांनी कळतं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती कचरा वेचणाऱ्या बायांच्या याच ज्ञानाला आणि श्रमाला मान मिळावा म्हणून. शाळेत मात्र कचऱ्यावरचा धडा शिकवताना ही माणसं कुणालाच आठवत नाहीत.

आता दुसरं. माझ्या शाळेतली सातवीतली एक मुलगी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पूल घेऊन गेली होती. ज्वारीच्या धांड्यांचा. आमच्याकडे मुलं पिढ्यान् पिढ्या धांड्याच्या बैलगाड्या करत आली आहेत. धांड्याचं सालटं सोलायचं, आतला गाभा थर्माकोलसारखा हलका आणि मऊ निघतो, आणि सोललेल्या सालट्याच्याच पट्ट्या गाभ्यात खोचून जोड द्यायचे. या मुलीनं सालटं न काढता सगळे धांडे वापरले आणि जोडाला बाभळीचे काटे. आधी तिनं चौकोनी खणांचा पूल केला होता, तो एका बाजूला कलंडत होता. मग प्रत्येक खणात एक तिरका धांडा घातला आणि पूल ताठ उभा राहिला. त्यावर तिनं दोन विटा ठेवल्या. दोन बाकांच्या मधे, अधांतरी. "हे तिरकं काढलं की पडतंय," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला काढून दाखवत होती.

बक्षीस मिळालं थर्माकोलच्या गावाला. त्यात दिवे होते, कापसाचे ढग होते, स्टेशनरीच्या दुकानातली प्लास्टिकची झाडं होती. आमच्या पुलाबद्दल परीक्षक म्हणाले, "कल्पना चांगली आहे, फिनिशिंग कमी पडलं." सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून आपल्या राज्यात आणि १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हा मुद्दा मी तिथं मांडला नाही. परीक्षकांनी पुलाला हातसुद्धा लावला नाही, ते मला जास्त लागलं. तिरका धांडा काढून बघायला दहा सेकंदं लागली असती.

त्या 'फिनिशिंग' या शब्दात आपली चूक साठली आहे. शैक्षणिक साहित्य म्हणजे बघायची वस्तू, असं आपण धरून चाललो आहोत. म्हणून प्रयोगशाळेचं कपाट कुलपात असतं आणि तक्ते प्लास्टिक लावून खिळ्याला टांगलेले असतात. निरीक्षक आले की साहित्य टेबलावर मांडायचं, गेले की पेटीत. मूल मात्र शिकतं ते वस्तू हाताळून, उलटीपालटी करून, बिघडवून. आणि बिघडवायची मुभा महागड्या वस्तूबरोबर देता येत नाही. माझ्या मते वापरलेल्या, फुकट मिळालेल्या वस्तूची वर्गातली खरी किंमत इथं आहे. पैसे वाचतात, कचरा कमी होतो, हे फायदे आहेतच, पण ते नंतरचे. मोडली तरी कुणी रागावणार नाही, ही ती खरी गोष्ट.

विजेची मोटर घ्या. साध्या वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी देशभर पोचवलेली ही साधी मोटर अनेक शिक्षकांनी करून पाहिली असेल. एक सेल, दोन सेफ्टी पिना, त्या सेलला धरून ठेवायला सायकलच्या ट्यूबचं कापलेलं वेटोळं, वर एक चुंबक आणि लेप दिलेल्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. चुंबक आम्ही बिघडलेल्या स्पीकरमधून काढतो. तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून आणतो, तिथं उरलेले तुकडे मागितले की मिळतात. आमच्या गावात दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या विहिरीवरची मोटर जळतेच, त्यामुळे ते दुकान मुलांना चांगलं ठाऊक असतं.

या मोटरमधली गंमत तार खरवडण्यात आहे. गुंडाळीच्या एका टोकावरचा लेप सगळीकडून खरवडायचा, दुसऱ्या टोकाचा फक्त अर्ध्या अंगाचा. मुलं घाईत दोन्ही टोकं पूर्ण साफ करतात. मग गुंडाळी नुसती थरथरते, इकडून तिकडे डुलते आणि थांबते. फिरत नाही. मी काही सांगत नाही. शेजारच्या गटाची भिंगरीसारखी फिरत असते, ती बघून यांची शोधाशोध सुरू होते. सेल बदलतात, चुंबक बदलतात, शेवटी कुणीतरी दोन्ही गटांच्या तारा शेजारी-शेजारी धरून बघतो. अर्धा फेरा झाल्यावर चुंबक गुंडाळीला उलट दिशेनं ढकलतं, म्हणून त्या अर्ध्या फेऱ्यात वीज तोडावी लागते, लेप राखायचा तो त्यासाठी. हे वाक्य मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर पाठ झालं असतं. चुकलेल्या मोटरीनं ते पोरांना समजावलं. पेटीबंद तयार मोटरमध्ये ही चूक करायला जागाच नसते.

ही वाट आपल्याकडे जुनी आहे आणि ती बायांनी घातलेली आहे, हे मी नवीन शिक्षकांना आवर्जून सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तेव्हा माँटेसरी पद्धतीची घोटीव लाकडी साधनं वारली पाड्यांवर परवडणारी नव्हती. त्यांनी पद्धतीचा गाभा ठेवला आणि साधनं परिसरातून घेतली: बिया, पानं, शिंपले, दगडगोटे, माती. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथून आली, आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनं तो शब्द देशभर नेला. तिथल्या गोट्या-शिंपल्यांकडे काटकसर म्हणून बघणं चुकीचं आहे. लहानमोठं, जडहलकं, खरखरीत-गुळगुळीत हे मुलाला त्याच्या ओळखीच्या वस्तूतून नीट कळतं, अशी त्या दोघींची पक्की धारणा होती.

दुसरं उदाहरण आपल्या सीमेपलीकडचं, मध्य प्रदेशातलं. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा सरकारी उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं मित्रमंडळ केंद्र या संस्थांनी तो उभा केला, १९८२ पासून एकलव्य संस्थेनं पुढे नेला. पुण्यात टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथं गेले, आणि आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे (बारीक रबरी नळीचे) तुकडे यांच्यातून त्यांनी भूमिती उभी केली. चार काड्यांचा चौकोन दाबला की तिरका होतो, तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, आकार सोडत नाही. माझ्या शाळेतल्या मुलीचा पूल त्याच घराण्यातला. गावातल्या पत्र्याच्या शेडची कैची आणि रानातून जाणारा विजेचा मनोराही.

पण होशंगाबादचं नाव घेताना आपण सोयीचं तेवढंच घेतो. काडी आणि व्हॉल्व्हट्यूब घेतो. त्या कार्यक्रमात शिक्षकांचं दरवर्षी प्रशिक्षण होतं, दर महिन्याला बैठक होती, अडलेल्या शिक्षकाच्या वर्गात येऊन मदत करणारी माणसं होती. शाळांना प्रयोगाच्या सामानाची पेटी मिळत होती आणि संपलेलं सामान भरून द्यायची व्यवस्था होती. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे परीक्षा बदललेली होती. मुलं पुस्तक उघडून लेखी परीक्षा देत आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा होई. म्हणजे हाताने केलेल्या कामाला गुण होते. २००२ मध्ये सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. काड्या आणि ट्यूब बाजारात तेव्हाही होत्या. बैठका, भेटी आणि परीक्षा गेल्या.

आपल्याकडे २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला त्या सुमारास साताऱ्याजवळच्या कुमठे बीटातल्या (शाळांच्या एका गटातल्या) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जात होत्या. तिथं मुलं जमिनीवर बसून खडे, बाटल्यांची झाकणं, काड्यांचे गठ्ठे घेऊन गणित करत होती. दहा काड्यांना रबर लावला की दशक, रबर काढला की एकक. हातच्याची वजाबाकी म्हणजे एक रबर सोडणं. मी स्वतः पहिली-दुसरीला तसंच शिकवते, आणि ज्यांनी रबर सोडलाय ती मुलं 'हातचा' या शब्दाला पुढे भीत नाहीत. पण तिथून परतलेल्या अनेक शाळांनी आधी काय केलं? फरशी रंगवली. पेंटरला बोलावून जमिनीवर चौकटी, आकडे, साप-शिडी काढून घेतली. कुमठ्याच्या शिक्षकांनी मुलांबरोबर घालवलेले तास रंगाच्या डब्यात मिळत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे: फुकटच्या वस्तूंनी शिकवायचं तर शिक्षकाचा वेळ भरपूर लागतो, आणि सरकार नेमकं उलटं समजतं. वस्तू फुकट म्हणजे सगळंच फुकट. चिंचोके धुऊन वाळवायला, शंभर झाकणांना भोकं पाडायला, मोटर का फिरत नाही ते मुलांना शोधू द्यायला तास जातात. आणि शिक्षकाचे तास कुठं जातात हे ज्याला शाळा माहीत आहे त्याला सांगायला नको. यू-डायस या सरकारी शाळा-नोंदणीची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, मतदारयादीचं काम, दुपारी अडीचला येणारा आणि चारपर्यंत उत्तर मागणारा तातडीचा निरोप. पुस्तकातला धडा वाचून दाखवायला वीस मिनिटं पुरतात. मोटरीला दोन दिवस लागतात. दमलेला शिक्षक काय निवडेल?

यावर पालकांचा एक आक्षेप येतो आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. एका वडिलांनी मला सरळ विचारलं होतं, "शहरातल्या पोरांना स्मार्ट बोर्ड आणि आमच्या पोरांना झाकणं का, मॅडम?" बरोबर विचारलं. गरिबाच्या शाळेत भंगार आणि श्रीमंताच्या शाळेत प्रयोगशाळा, असं असेल तर 'टाकाऊतून टिकाऊ' ही अन्यायावर घातलेली गोधडी ठरेल. सूक्ष्मदर्शक भंगारातून होत नाही. चांगला तापमापक, अचूक तराजू, परीक्षानळ्या, पृथ्वीगोल, आणि पुस्तकं, भरपूर पुस्तकं, ही सरकारनं विकत घेऊनच दिली पाहिजेत. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात शैक्षणिक साहित्यासाठी प्राथमिक शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये मिळत. रक्कम लहान होती, पण ती शिक्षकाच्या हातात यायची आणि काय आणायचं ते तो ठरवायचा. आता वरून ठरलेल्या तयार पेट्या येतात. त्यातल्या काही चांगल्या असतात. तरी सोलापूरकडच्या मुलाला धांडा, विदर्भातल्या मुलाला तुराटी आणि सरकी, कोकणातल्याला करवंटी, हे दिल्ली-मुंबईतल्या पेटीत कसं भरणार?

त्या वडिलांना मी म्हटलं, शाळेत या आणि बसा. ते आले. मुलानं त्यांना काड्यांचे गठ्ठे सोडून वजाबाकी करून दाखवली. त्यांचं समाधान झालं असं मी म्हणत नाही. जाताना ते म्हणाले, "हे बी पायजे आन् ते बी पायजे." माझंही तेच मत आहे.

सुरक्षिततेबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून तेही सांगते. घरून वस्तू आणा म्हटलं की मूल काहीही उचलतं. एकदा एका मुलानं सुंदर रुंद तोंडाचा डबा आणला होता. धुतलेला होता, पण लेबलाचा लाल त्रिकोण शिल्लक होता. कीटकनाशकाचा डबा. शेतातल्या गावात हे कधीही होऊ शकतं, आणि असा डबा किती वेळा धुतला तरी वर्गात नको. इंजेक्शनच्या सिरिंजा प्रयोगाला उत्तम, पण त्या औषधाच्या दुकानातून नव्याच घ्याव्यात, वापरलेल्या कधीही नाही. फुटलेल्या सीएफएल दिव्यात पारा असतो. गळणारे सेल, मोबाईलच्या फुगलेल्या बॅटऱ्या यांना हात लावू देऊ नये. 'टाकाऊ'मध्ये विषही येतं, हे मुलांना स्पष्ट सांगणं हाही अभ्यासाचाच भाग आहे.

आमच्या शाळेत आता घरून काही मागवत नाही. व्हरांड्यात चार पत्र्याचे डबे आहेत: काड्या-धांडे, झाकणं-बिया, पुठ्ठा-कागद, तार-खिळे. गावातले दुकानदार, सायकलवाला, रिवाइंडिंगवाला, लग्नपत्रिका छापणारा, ज्याच्याकडे खरोखर उरतं तो आणून टाकतो. पत्रिकेचा जाड कोरा कागद अपूर्णांकाच्या पट्ट्यांना फार चांगला. डब्यांना कुलूप नाही. मधल्या सुट्टीतही मुलं काढतात, मोडतात, परत ठेवतात. काही ठेवतही नाहीत. महिन्याला थोडं हरवतं, आणि मला त्याची चिंता वाटत नाही, कारण हरवलेली झाकणं ओढ्याकाठी भोवऱ्यासारखी फिरताना मी पाहिली आहेत. कशालाही रंग, लेस, चमकी लावायची नाही, हा नियम मात्र पक्का. वापर संपला की प्लास्टिक भंगारवाल्याकडे, बाकी खतखड्ड्यात.

आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद दर महिन्याला भरते. त्यात आम्ही परिपत्रकं ऐकतो, माहितीचे तक्ते भरतो, चहा घेतो आणि परततो. त्यातले फक्त दोन तास द्या. प्रत्येक शिक्षकानं आपल्या वर्गात न चाललेली एक वस्तू घेऊन यावं, चाललेली नव्हे, आणि बाकीच्यांनी ती हातात घेऊन खोलावी. आणि पुढच्या प्रदर्शनाच्या परीक्षकांना एकच सूचना लेखी द्यावी: प्रत्येक प्रतिकृतीला हात लावा, आणि मुलाला विचारा, "यातलं काय काढलं तर हे पडेल?"